शालूला लावलेली तीट

आदिलाबाद,
मंगळवार

आदरणीय संघपाल मामांना उत्कर्षाचा सप्रेम जय भीम.

मामींचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि तुमची साखर तुमच्यासारखीच शिस्तीत असेल, अशी आशा करते. इकडे आई बरी आहे, बाबा बरे आहेत, आणि मी कशी आहे ते सांगायला हे पत्र. फोनवर लिहिलं असतं, पण तुम्हाला फोनवर काहीही पाठवलं की ते जेवणाच्या आत विहाराच्या ग्रुपवर, निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर आणि मामींच्या माहेरच्या ग्रुपवर पोचतं (मागे माझ्या दाढेच्या एक्स-रेखाली अनोळखी लोकांनी ‘हार्दिक अभिनंदन’ लिहिलं होतं). म्हणून कागद. याचा फोटो काढू नका, ही हात जोडून विनंती.

मंचेरियलच्या त्या कार्यालयात माझ्यासाठी तुम्ही शब्द टाकलात, कंत्राटी कारकुनाची जागा राखून ठेवलीय, आणि रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे, हे आई मला चहाबरोबर, भाकरीबरोबर आणि नुसतंसुद्धा वाढते आहे. तुमचं म्हणणं मला पाठ आहे. आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले, तुम्ही खडू धरलात, बाबांना टेबल मिळालं, आणि आता पोरगी टेबल सोडून दुकानादुकानांतून साड्यांचे फोटो काढत फिरते. मामा, मला हे काम आवडतं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तसं अजिबात वाटणार नाही.

घरी माझ्या धंद्याला ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ म्हणतात, त्यामुळे मी नेमकं काय करते ते तुम्हाला कधी कळलंच नाही. छोट्या दुकानांची जाहिरात मी फोनवर करते, आणि एकाच ठिकाणी करून भागत नाही. इन्स्टाग्रामवर पोरी साड्या बघतात, पण घेत नाहीत. फेसबुकवर तुमच्या वयाचे पुरुष असतात, ते बघतही नाहीत, घेतही नाहीत, फक्त मत देतात. घेणाऱ्या बाया व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर. यूट्यूबवर त्यांची लेकरं. शिवाय गूगलचा नकाशा आहेच, तिथे एका गृहस्थाने दुकानाला एकच तारा दिलाय, कारण पायरीवर कुत्रं झोपलं होतं. या सगळ्यांसाठी एकच साडी पाच तऱ्हांनी मांडायची, खाली मराठीत, तेलुगूत आणि हिंदीत लिहायचं, आणि वर दुकानदाराकडून ऐकायचं, “तुले का कराचं हाय, बटन तं दाबाचं हाय!” मला याचा संताप येतो, आणि मी हसून ‘हो काका’ म्हणते. धंद्यातला अर्धा भाग हाच आहे.

माझं मुख्य दुकान म्हणजे चंपतरावांचं वस्त्र भांडार. बाजारातले बाकीचे दुकानदार चंपतरावांकडे बघून वागतात. त्यांनी दुकानात पंखा बदलला तर हे पंखा बदलतात, त्यांनी मला बोलावलं म्हणून यांनी मला बोलावलं. तर लग्नसराईचा माल आला, मी पुतळीला शालू नेसवून सुरेख फोटो काढला, आणि चंपतराव म्हणाले, “याले तीट लाव.” मला वाटलं, गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते. “पोरी, दुकानात जे बाई येते तिची नजर मले समजते. त्या फोनमंदी कोन कोन पाहून राह्यलं, कोनाच्या पोटात का हाय, आपल्याले का मालूम? नव्या मालाले नजर लागली तं दुकानावर माशी बसनार नाई!” मी समजावलं. मी वादही घातला (तुमची भाची आहे). शेवटी ते म्हणाले, लावायची नसेल तर फोटोच टाकू नको. तेव्हा मी पुतळीच्या गालावर बोटाएवढा काळा ठिपका काढला. गोड दिसला, खरं सांगते.

पण घडी घातलेल्या साडीला गाल कुठून आणायचा? चंपतराव म्हणाले, पदरावर लाव. मग मी एक साचा करून ठेवला: फोटो टाकला की तीट आपोआप खालच्या कोपऱ्यात बसेल आणि तोच फोटो सगळीकडे एकदम जाईल. आता प्रत्येक ठिकाणची चौकट निराळी असते, मामा. कुठे उभी, कुठे चौकोनी, कुठे आडवी. फोटो कापला जातो, लहानमोठा होतो. इन्स्टाग्रामवर तीट कोपऱ्यात नम्रपणे बसली. फेसबुकवर ती सरकून बरोबर जरीच्या काठावर आली. आणि स्टेटसवर, जिथे खऱ्या गिऱ्हाईक बाया असतात, तिथे शालूच्या मधोमध एवढी मोठी झाली की वाटावं, कुणी ऑइलचा डबाच उपडा केलाय.

दुसऱ्याच दिवशी भीमपूरकडच्या बाया ऑटो भरून आल्या. चंपतरावांनी हौसेने नवे शालू पसरले. बायांनी ते बाजूला सारले. “हे नको जी. ते डागाच्या दाखवा, अर्ध्या भावातल्या!” चंपतरावांनी गळ्याची शपथ घेऊन सांगितलं की दुकानात डागाची एकही साडी नाही. त्यावर बायांनी फोन काढून त्यांच्याच नाकासमोर धरला. एका नवरीच्या आईने आधी नेलेला शालू परत आणला आणि दारातल्या उन्हात धरून इंचाइंचाने तपासला. पोस्टखाली तेलुगूत ‘मच्च उंदी’, म्हणजे डाग आहे, असं येऊ लागलं, आणि नकाशावर कुत्र्याच्या शेजारी डागही जाऊन बसला. चंपतराव माझ्यावर असे ओरडले की बाजूच्या चपलांच्या दुकानातलं गिऱ्हाईक एक चप्पल घालून बाहेर आलं. तीट लावायला कुणी सांगितलं, हे त्यांना आठवत नव्हतं.

म्हणून मी खुलासा टाकला: ‘हा डाग नसून नजर लागू नये म्हणून लावलेली तीट आहे.’ झालं. डाग परवडला म्हणायची वेळ आली. खुलाशाखाली बाजारहत्नूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं मत आलं (नाव लिहीत नाही, आई हे पत्र पोस्टात टाकण्याआधी वाचेल). मत कसलं, प्रबंधच तो. सुरुवात विज्ञानापासून, मध्ये संविधानातलं नागरिकाचं कर्तव्य, आणि शेवट असा: ‘काळी टिकली लावून कापड वाचत नाही. ज्या शिकलेल्या व्यक्तीने हे केले तिची कीव येते.’ एकही शुद्धलेखनाची चूक नाही. मला त्यातला शब्द न शब्द पटला, आणि वाचून रडू आलं.

मग ते विहाराच्या ग्रुपवर गेलं, निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर गेलं, आणि सगळे शालूखाली जमले. कुणी म्हणे अंधश्रद्धा, कुणी म्हणे आमच्या रीतीत नाक खुपसू नका, कुणी मधूनच ‘पेटीकोट मिळेल का’ असं विचारी. आणि मी घरी, आईच्या शेजारी बसून, ‘वस्त्र भांडार’ या नावाने त्या मुख्याध्यापकांना उत्तर लिहीत होते: ‘आदरणीय सर, आपल्या मौलिक विचारांबद्दल धन्यवाद. नवीन माल आला आहे, सहकुटुंब अवश्य भेट द्या.’ आई तिच्या फोनवर मुख्याध्यापकांचं तेच मत वाचत होती, ग्रुपांतून फिरत बिननावाचं आलेलं. म्हणाली, “चांगलं झाडलं! अशा लोकायले असंच पाह्यजे.” मी म्हटलं, हो.

आणि मामा, दुकान भरलं. ज्या दुकानावरून एवढं भांडण चाललंय ते आहे तरी कसं, हे बघायला लोक आले, आणि आले ते साड्या घेऊन गेले. चंपतरावांनी मला बोलावलं, चहा पाजला, आणि गोड आवाजात सांगितलं की फोनचं काम आता त्यांचा पुतण्या भूषण बघेल. घरचा पोरगा आहे, आणि भांडायला त्याला शिकवावं लागत नाही. मी बिनविरोध चहा प्यायले. जाताना म्हणाले, “तीटीनं काम केलं बरं! नजर मालाले नाई लागली.” मग ती कुणाला लागली, ते त्यांनी सांगितलं नाही. आज दोन दुकानदारांनी मला भूषणचा नंबर विचारला.

तेव्हा तुम्ही म्हणत होता तेच खरं. या धंद्यात मान नाही. मंचेरियलला टेबल असेल, खुर्ची असेल, आणि माझ्या फायलींखाली येऊन कुणी माझी कीव करणार नाही. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. मामींना जय भीम सांगा.

तुमची आज्ञाधारक भाची,
उत्कर्षा

ता. क. : आई वाचून शेजारी गेली आहे, म्हणून हे आता लिहिते. ते मुख्याध्यापक कोण, हे तुम्हाला कळलं असेलच. ती शिकलेली व्यक्ती मीच. ‘सहकुटुंब अवश्य भेट द्या’ हेही मीच लिहिलं होतं, आणि तुम्ही त्यावर अंगठा दिला होता.

आणखी एक ता. क. : मंचेरियलला एवढ्यात कळवू नका. राहीबाई, ज्या स्वतःच्या मळ्यातल्या मिरचीचं तिखट विकतात, त्यांनी मला सोडलेलं नाही. त्यांना सगळं ठाऊक आहे. म्हणाल्या, “तुया मामाले सांग, माह्या तिखटावरबी असंच काई लिहा म्हना!” एवढी एक बाई टिकली तर बाकीचे परत येतील, आणि मला कुठेही जावं लागणार नाही. तेव्हा शनिवारी मी तिखटाचा फोटो टाकीन, त्याखाली तिखटाने पोटाचं कसं वाटोळं होतं यावर सडेतोड लिहा. सगळ्या ग्रुपांवर पाठवा. आणि ‘शिकलेल्या व्यक्तीची कीव येते’ हे वाक्य आहे तसंच राहू द्या, फक्त या वेळी पुढे माझं नाव आणि फोन नंबर घाला.