वंशावळीत नसलेल्या बायका

बुधवार, ८ जानेवारी २०२५

रोशनी आज पुन्हा आली. फुलपाड्याहून आमच्या होळी गावी, कामाच्या दिवशी, रजा टाकून — दोन महिन्यांतली सातवी खेप. मुलगी बापाला भेटायला इतक्यांदा येत नाही. मागणी तीच: मी रक्त द्यावे आणि घराण्याची वंशावळही द्यावी.

तिचे म्हणणे असे. गेल्या वर्षी तिच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. त्या कर्करोगामागे जनुकातला जन्मजात दोष निघाला. तो आईकडचा की बापाकडचा, हे ठरवायचे आहे. "आई राहिली नाही, नाना. उरलात तुम्ही."

युक्तिवाद निर्दोष आहे. संशय येतो तो त्यामुळेच. एरवी तिचे आणि तिच्या भावाचे, प्रितेशचे, कशावरही एकमत होत नाही. आज तो शेजारी बसून मान डोलावत होता. वंशावळ लागते ती वारसनोंदीला. वाडीच्या वाटणीचा विषय मी दोनदा टाळला आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

प्रितेशला सरळ विचारले, "वाडी हवी आहे का?"

"नाना, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलंत ना? मग घरात पोलीस चौकी कशाला उघडलीत?"

हे उत्तर नव्हे.

सोमवार, १३ जानेवारी

रुग्णालयात गेलो — रक्त देण्यास नव्हे, खंडन करण्यास. प्रितेशच्या जातपडताळणीच्या वेळी मीच सिद्ध केलेली वंशावळ समुपदेशक मुलीपुढे पसरली. पाच पिढ्या, एकही खाडाखोड नाही. म्हटले, यात स्तनाच्या कर्करोगाचा एकही रुग्ण नाही. सबब दोष माझ्या बाजूचा नाही.

तिने बोट वरून खालपर्यंत फिरवले. "काका, यात बायका कुठे आहेत?"

वंशावळीत मुली लिहीत नाहीत. जे तपासलेच नाही त्याचा अभाव सिद्ध होत नाही, हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो.

शिवाय ती म्हणाली, हा दोष पुरुषांमधूनही पुढे जातो. आणि क्वचित त्यांनाही हाच कर्करोग होतो.

बुधवार, १५ जानेवारी

भागूआत्याकडे गेलो. वडिलांची सर्वांत धाकटी बहीण, नव्वदीची.

"पानी पी आगोदर. काम नसताना कदी येशील रे मेल्या?"

तिच्या दोन थोरल्या बहिणींची नावे आज प्रथम कळली. दोघी छातीच्या गाठीने गेल्या. मग पान जुळवत सहज म्हणाली, "नि आपला काशीरामदादा. छातीला जखम व्हती त्याच्या. बैलाचं शिंग लागलं सांगायचे. बैल कोनी पायला?"

काशीरामकाका माझ्या वंशावळीत आहेत. त्यांच्यापुढे मी 'निपुत्रिक' एवढेच लिहिले आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

रक्त दिले. अहवालास तीन आठवडे. रोशनी सोबत होती. वाडीचा शब्दही काढला नाही. योग्य वेळेची वाट पाहत असावी.

शनिवार, १८ जानेवारी

सकाळी रोशनीला फोन केला. सांगितले, डाव्या स्तनाग्रामागे चिंचोक्याएवढी कठीण गाठ आहे, बरेच महिने. कोणालाही सांगितलेले नाही. या वहीलासुद्धा नाही.

"माहीत आहे, नाना. दिवाळीला तेल लावताना हाताला लागली होती. विचारलं तर म्हणालात, हाड आहे. रक्ताच्या निमित्ताने तरी डॉक्टरांपर्यंत याल, म्हणून तुमच्या मागे लागले होते."

सोमवारी नऊ वाजता ती मला न्यायला येणार आहे.