ढावलोची अस्सल प्रत

१४ एप्रिल २०२५, सकाळ
सुट्टी मंजूर. लग्न ९ मे रोजी, कनेरगाव नाक्याजवळच्या आमच्या तांड्यावर. मी शांत आहे.

एकच काम बाकी. पाठवणीला नवरीने ढावलो म्हणायचा असतो. आईला आम्ही याडी म्हणतो. याडी, बापू, भाऊ, एकेकाच्या गळ्यात पडून, त्याला हाक मारत, रडत गायचं. सगळ्या तांड्यासमोर. मला गाता येत नाही. चारचौघांत रडायचीही सवय नाही. यात घाबरण्यासारखं काही नाही. हा फक्त इनपुटचा प्रश्न आहे.

इनपुट घरात आहे. याडीने स्वतःच्या लग्नात म्हटलेला ढावलो रामसिंगमामाने टेपवर घेतला होता. पुढे हिंगोलीतल्या एका दुकानातून त्याची ऑडिओ सीडी करून आणली. 'मिनाने दगड रडवले' असं बायका अजून म्हणतात. मिना म्हणजे याडी.

योजना: सीडी लॉसलेस रिप करायची, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता कॉम्प्युटरवर घ्यायची. प्रत अस्सल आहे याची खात्री करायची. मग ऐकून हुबेहूब पाठ करायचं. आठवडा पुरेल.

१५ एप्रिल
सीडी मागितली. याडी म्हणाली, "काहून त्या सीडीच्या मागं लागली? खराब झाली ती. गाणं हाय की मोबाईलमदी, ते ऐक."

मोबाईलमधलं मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं. इतकं दाबलेलं, की बाई पिंपात बसून गातेय असं वाटतं. ते तिला सांगितलं. म्हणाली, "मंग तूबी पिंपात बसून म्हण."

याडी टेक्निकल माणूस नाही. वाद घातला नाही.

१६ एप्रिल
सीडी कपाटात नव्हती. गव्हाच्या कोठीत तळाशी सापडली. याडी म्हणाली, उंदरांमुळे ठेवली. उंदीर सीडी खातात हे मला माहीत नव्हतं. पण घर ती सांभाळते, तिला माहीत असणार.

सीडी कडेने धरली. हात गार पडले. सीडी गव्हात होती, म्हणून.

२० एप्रिल
लॅपटॉपला सीडी लावायची सोयच नाही. ड्राइव्ह मागवला, आला. रिप झाली, पण पडताळणी अडली. हे सॉफ्टवेअर आपली प्रत जगातल्या इतर लोकांच्या त्याच सीडीच्या प्रतींशी ताडून बघतं. उत्तर आलं: अशी सीडी कोणाकडेच नाही.

म्हणजे दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा रिप करून दोन्ही फाइल्सचे चेकसम जुळवणं आलं. चेकसम म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक कण बदलला तरी ठसा बदलतो.

ढावलो अजून ऐकला नाही. आधी खात्री. खोट्या प्रतीवरून पाठ करण्यात काय अर्थ?

२२ एप्रिल, दुपार
हिंगोलीत भागवतभाऊंच्या स्टुडिओत गेले. आमच्या लग्नाचं शूटिंग तेच करणार आहेत. त्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर आहे, सीडीवाला. म्हणाले, "मॅडम, आजकाल सीडी कोण लावून राहिलंय?" आणि ती शर्टाला पुसली. मी फक्त पाहिलं. त्यांनी सॉरी म्हटलं.

निघताना म्हणाले, "पाठवणीला माईक तुमच्या एकदम तोंडाजवळ ठेवतो. श्वाससुद्धा येईल बराबर."

छातीत धडधड. स्टुडिओला जिना आहे.

२३ एप्रिल
ठसे जुळले नाहीत. प्रत्येक ड्राइव्ह वाचायला किंचित पुढेमागे सुरुवात करतो, त्यामुळे असेल. दुरुस्ती करायला हवी. बरं झालं. घाईने ऐकलं असतं तर चुकीचं पाठ झालं असतं.

२७ एप्रिल
जिवनमावशी आली, शिरड शहापूरकडच्या तिच्या तांड्यावरून. याडीची थोरली बहीण. मला ढावलो शिकवायलाच आली आहे.

"कधी बसायचं, लेकरा?"

मी म्हटलं, पडताळणी झाल्यावर.

"काय तपासून राहिली?"

"याडीचं रेकॉर्डिंग खरं आहे का ते."

मावशीने याडीकडे पाहिलं. याडी चहा टाकायला उठली. आमच्या हातात चहाचे कप होते.

मावशी म्हणाली, "अगं, ते तिचं तिच्या मायबापासाठी रडणं हाय. त्याच्यात तिच्या भावाचं नाव हाय. तू काय रामसिंगच्या नावानं बोंबलणार? तुझं तुला रडाय लागतं."

मुद्दा योग्य आहे. नावं बदलावी लागतील. मोठं काम नाही.

मावशीबरोबर बसायचं मात्र पुढे ढकललं. घसा बसलाय. धुळीमुळे.

२ मे
दुरुस्ती केली. ठसे तंतोतंत जुळले. आवाजाचा आलेखही काढला. दुकानदाराने मध्ये आवाज दाबून, एमपीथ्री करून मग सीडी केली असती, तर वरचा भाग सुरीने कापल्यासारखा दिसला असता. तसं नाही. पार वरपर्यंत टेपची खरखर आहे. दुकानदार प्रामाणिक होता.

प्रत अस्सल. उद्या ऐकते. आज डोकं दुखतंय.

४ मे, दुपार
ऐकलं. हेडफोन लावून.

गाण्याच्या आधी मोबाईलवर नुसती घरघर आहे. इथे त्या घरघरीचे शब्द झाले. आमच्या बोलीत आहेत, मराठीत लिहून ठेवते.

याडीचा आवाज: "जिवन, तू म्हण ना. माझी जीभच हलेना."

मावशीचा आवाज: "घुंगट ओढ. तोंड झाक. मी मागून म्हणते."

मग ढावलो. पहिल्यापासून शेवटपर्यंत जिवनमावशी.

दुसऱ्या ड्राइव्हची फाइल ऐकली. तेच. मूळ सीडी लावली. तेच. तिन्हीकडे याडीची जीभ हलत नाही.

म्हणजे इनपुट नाही. पाच दिवस उरलेत आणि इनपुट नाही.

पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. मी शांत आहे.

५ मे
याडी गोठ्याजवळ भेटली. "ऐकलंस?"

"हो."

ती बैलाची पाठ खाजवत राहिली. मग म्हणाली, "लई भ्याले होते गं. समदा तांडा उभा. तोंड उघडलं, तर आत काईच न्हाई." इकडेतिकडे बघून म्हणाली, "तुझ्या बापूलाबी ठाऊक न्हाई. कुणाला सांगशील?"

मी म्हटलं, ही तांत्रिक बाब आहे, बाहेर जात नाही.

तिने माझा हात धरला. तिचाही हात गार होता. आनुवंशिक असावं.

७ मे
मावशीबरोबर बसले. तिने 'बापू' अशी लांब हाक मारून दाखवली. तेवढ्याने शेजारची म्हातारी डोळे पुसत आली. मग मी मारली. म्हातारी म्हणाली, "कुणाला लागलं का?"

सुधारणेला वाव आहे.

९ मे, पहाट
तयार आहे. फक्त पहिला शब्द निघायला हवा. बाकीचे आपोआप येतात, असं मावशी म्हणते. पहिला शब्द तोंडात धरून ठेवलाय. म्हणून उठल्यापासून कोणाशी बोललेले नाही.

१२ मे, कळमनुरी
सासरी. वेळ मिळाला, नोंद पूर्ण करते.

गाडीच्या दारात बापूच्या गळ्यात पडले. भागवतभाऊंनी माईक हनुवटीला लावला. तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझा घुंगट नाकापर्यंत ओढला आणि मानेवर गरम श्वास आला. ढावलो सुरू झाला. मला वाटलं मावशी. पण मावशी समोर उभी होती, पदर तोंडात धरून, डोळे विस्फारून.

याडी होती. सूर चार दिशांना. एक ओळ दोनदा, एक गाळलेली. बापूचं नाव घेताना तिने चुकून तिच्या बापाचं घेतलं आणि तिथून पुढे सगळं नुसतं रडणं. माझ्या लग्नात तिने तिचा राहिलेला ढावलो म्हटला. मी घुंगटाआड होते. तिथे काय झालं त्याची नोंद नाही.

आज भागवतभाऊंचा पेनड्राइव्ह आला. आवाज एमपीथ्री आहे. फाइलवर लिहिलंय: 'नीता, ढावलो'. सगळ्यांनी मिळून ऐकलं. नवरा, दिपक, म्हणाला, "आवाज वेगळाच येतोय तुझा." मी म्हटलं, एमपीथ्री आहे, असं होतं. तपासलं नाही. तपासायची गरज नाही. फाइलचं नावही बदललं नाही.

सासूबाई डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "पोरी, बेसूर म्हटलंस, पण काळीज फाडलंस. पुढच्या सालाला तुझ्या नणंदेचं, आपल्या गुंजनचं लग्न. तिला ढावलो तूच शिकव. पाठवणीला तिच्या मागं तूच उभी रहा."

मी हो म्हणाले.

हात गार पडलेत. इथे कूलर आहे.