सोन्याचे कण आणि आईची गाठ

६ नोव्हें., दारव्हा
सुट्टीचा दुसरा दिवस. आईने पाठ चोळायला हाक मारली. डाव्या काखेत हाताला गाठ लागली, सुपारीएवढी. कधीपासून? तर म्हणे, "तुह्या सत्काराच्या आधीपासून." म्हणजे चार महिने तरी.

७ नोव्हें.
"काहून नाही सांगितलं?" आई मेथी निवडत होती. "तूच तं बोलली माइकवर. सोन्याचे बारके कण रक्तात सोडाचे, वरून उजेड टाकला की गाठ आवाज देते, मशीनवर फोटो येते. कापाकापी नाही. मंग म्या म्हटलं, पोरीची मशीन येतेच हाये."
बोलले होते, गावातल्या सत्कारात. फक्त हे सगळं अजून उंदरांवरच चालतं, तेवढं गाळलं. अंगावर शाल, समोर बायका. म्हटलं, उंदीर कशाला काढायचे मध्येच. शहाणी मी.

८ नोव्हें.
रडू येत नाही. भांडी घासली. पीएचडीच्या गाईडचा प्रयोगशाळेतून फोन: या खेपेचे कण छान जमलेत, सिग्नल स्वच्छ, कधी येतेस? बघते म्हटलं. उंदराच्या अंगातली मोहरीएवढी गाठ मी हुडकते. आणि आईची...

१० नोव्हें.
यवतमाळ. सोनोग्राफी, मग जाड सुईने तुकडा काढला. डॉक्टरीणबाई चिडल्या, "इतके दिवस थांबलात? घरात कोणी शिकलेलं नाही का?" आई तोऱ्यात, "हाये ना! पोरगी गाठीचंच शिकून राह्यली." मी फरशी बघत होते. रिपोर्ट आठ दिवसांनी.

११ नोव्हें.
आई माझ्यावर रागवत नाही. रागवली असती तर बरं झालं असतं. जेवले. चव कळली नाही.

१३ नोव्हें.
दुपारी शेजारच्या नलूकाकू आल्या. दार लोटून घेतलं, हळूच म्हणाल्या, "मलेबी हाये व एक, छातीत. सत्कारात ऐकलं तवापासून तुह्या मशीनची वाट पाहून राह्यली."
सगळं सांगितलं. उंदीर, प्रयोगशाळा, माणसांसाठी यायला किती वर्षं लागतील ते मलाच माहीत नाही. म्हटलं, उद्या माझ्यासोबत यवतमाळला चला, हात जोडते. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चहा संपवला, पदर नीट केला.
"उद्या कापूस वेचाले बाया सांगितल्या. तू पुढच्या दिवाळीले येशीन तवा मशीन घेऊन येजो."