दुसरा गिअर

१० ऑगस्ट १९५८, रविवार

सुरू झाली! हँडल मारून मारून खांदा निखळायची वेळ आली तेव्हा. आधी धूर, मग एक दणका, मग चक्क इंजिनाचा आवाज — म्हैस दावं तोडून परड्यात पळाली. साहेब मायदेशी जाताना ही दोन सीटची, बिनटपाची विलायती स्पोर्ट्स गाडी आबांना देऊन गेला, तेव्हापासून आमच्या गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होती. आबांनी धरणावर त्या साहेबाचा ड्रायव्हर म्हणून उमर काढली.

आता आबांना काचबिंदू. उजवा डोळा गेलाच, डाव्यानं नळीतून बघावं तेवढंच दिसतं. पुण्याच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही — गेलं ते येणार नाही, उरलंय तेही जाईल. आबांचं मागणं एकच. दिसतंय तोवर ही गाडी एकदा स्वतः धरणापर्यंत चालवायची, भरलेलं पाणी बघायचं. मी शेजारी बसून रस्ता सांगायचा.

पण दुसरा गिअर टाकला की किंकाळी!

"वरडू दे की. चालतीया न्हवं? चल, आत्ता जाऊन येऊ," आबा म्हणाले.

मी नाही म्हटलं. माले गावाच्या पुढं चढावर गिअर तुटला म्हणजे? "मी सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही," असं बोललो, आणि जरा चढ्या आवाजात. वर्गात पोरांना बोलतो तसा.

१७ ऑगस्ट

पाऊस. विलायती नटांचं मापच निराळं, आपला एक पाना धड बसेल तर शपथ! सटकला, बोटं सोलली. शाळामास्तराला शोभणार नाहीत अशा शिव्या घातल्या. आईनं ऐकल्या.

२४ ऑगस्ट, रविवार

पहाटेच पुण्याला, जुन्या बाजारात. दिवसभर भंगारात हात घालून बसलो. संध्याकाळी एका ढिगाच्या तळाशी हवा तसा गिअर सापडला. परतीच्या एस.टी.त सारखा हातात घेऊन बघत होतो. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पोरासाठी खेळणं घेतलं व्हय?" हो म्हटलं.

३१ ऑगस्ट

गिअरबॉक्स उतरवला. एकट्याला जमेना, म्हणून सायकल दुकानवाल्या सिराजला बोलावलं. आतला एक दांडा ओढला तशी मागची स्प्रिंग आणि छर्‍याएवढी गोळी सुटली ती थेट वैरणीच्या भुशात. दोघंही तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

३ सप्टेंबर

आई चाळण घेऊन भुसा चाळते आहे. स्प्रिंग मिळाली. गोळी नाही.

४ सप्टेंबर

गोळी म्हशीच्या दावणीत!

२१ सप्टेंबर

जोडला, एक वॉशर उरला. परत खोलला. तो वॉशर कुठला ते कळलं, पण जोडताना दुसरंच काहीतरी उलटं बसलं. डोकं फिरलं, पाना भिंतीवर भिरकावला. आबा बाजेवर बसून होते. थोड्या वेळानं सिराज आला, आबांच्या अगदी समोर उभा राहिला. आबा म्हणाले, "कोन हाय?" सिराजनं माझ्याकडं बघितलं. मी नटाकडं.

१२ ऑक्टोबर

बसला! दुसरा गिअर गप्प! अंगणातच मागंपुढं केली. आबांना म्हटलं, दसऱ्याला जायचं. "दसऱ्याला जाऊ," आबाही म्हणाले. हसले. लई दिवसांनी.

२० ऑक्टोबर, सोमवार

काय अवदसा आठवली मला!

गाडीखाली तेल ठिबकत होतं. थोडंसं. सकाळी फरशीवर रुपयाएवढा डाग. एवढी मेहनत केलेली गाडी तेल गळत न्यायची? पॅकिंग बदलायचं, दोन तासांचं काम, म्हणून गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. सिराज वाटेवरून बघत होता. "गुरुजी, चालती गाडी कशापायी खोलताय?" मी म्हटलं, तुझी सायकल बघ.

पॅकिंग फाटलं. नवं कापत बसलो तोवर दिवे लागले. आई आली आणि सगळे पाने, हातोडी, पकड सुपात भरायला लागली. म्हटलं, थांब, काम अर्ध्यावर आहे. "उद्या खंडेनवमी. हत्यारं पूजंला मांडायची. परवा पूजा उतरंपतोर हात लावायचा न्हाई." मी काकुळतीला येऊन बघितलं. आबाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घरची रीत हाय."

खंडेनवमी आहे हे मला ठाऊक नव्हतं? शाळेच्या फळ्यावर सुट्टी मीच लिहिली!

२२ ऑक्टोबर, दसरा

गाडीला झेंडूचा हार घातला. पोटात गिअरबॉक्स नाही. आबा सीटवर जाऊन बसले. गिअरचा दांडा चाचपला, तिथं नुसतं भोक. हात तसाच मांडीवर ठेवला. मग मला सोनं दिलं — पान माझ्या हातात द्यायला त्यांना माझा हात शोधावा लागला.

ऑगस्टातच निघालो असतो तर! गिअर ओरडला असता, दुसरं काय झालं असतं?

१६ नोव्हेंबर, रविवार

धरणावर जाऊन आलो. मी चालवत होतो. आबा शेजारी. गिअरबॉक्स पुन्हा बसेपर्यंत दिवाळी उलटली; आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

गाडीचा आवाज नाही, थेंबभर गळती नाही. इतकी नीट चालली की मला तिचा राग आला. धरणाजवळ उभी केली आणि पाणी कसं दिसतंय ते सांगायला लागलो. शाळेत निबंध सांगतो तसं व्हायला लागलं, म्हणून गप्प बसलो. आबा म्हणाले, "बरं झालं आनलंस." परतताना पुढचं काही दिसेना मला. डोळे पुसायला दोनदा थांबलो. आबांना कळलं नसावं.

घरी आल्यावर चुलीपाशी आईला म्हटलं, मी आबांचं एवढंसं मागणं पुरं केलं नाही. मला ते जन्मभर खात राहील. आई भाकरी थापायची थांबली.

१७ नोव्हेंबर

सकाळी आईनं सांगितलं. मी जुन्या बाजारात गेलो होतो त्या दिवशी आबांनी गाडी काढली होती. आई शेजारी, डोक्यावर घोंगडी घेऊन, रस्ता सांगत. दुसरा गिअर सारी वाट ओरडत होता. धरण काठोकाठ भरलेलं. आबांनी पोटभर बघितलं.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू रागावला असतास," आई म्हणाली.