दहा गोळ्या, अकरा भोकं

शनिवार, ८ मार्च

पहिली आली विल्माडीन. कायम तीच पहिली! दहाला बोलावलं की साडेनवाला तिची गाडी दारात. म्हणजे मी केस विंचरताना सापडावी आणि उद्या चर्चमध्ये सगळ्यांना सांगायला बरं. एका हातात पिस्तुलाची पेटी, दुसऱ्यात लोणच्याची बरणी. "अगं ऑर्फा, अजून सपाताच पायात?" मग मागच्या दारानं एक चौकड्यांच्या कोटवाली बाई आली. लगेच ऑटी पुढच्या दारानं, धापा टाकत, गाडी नीट लावली का म्हणून तीनदा मागे वळून बघत.

मैत्रिणी जमलेल्या मला पिस्तूल निवडून द्यायला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! मेरिबेथनं, माझ्या नातीनं, ही वही दिली तेव्हा म्हणाली होती, आजी, रोज काहीतरी लिही. म्हटलं, काय लिहू, बीन्स शिजले? आता बघ म्हणावं.

झालं असं की फेब्रुवारीत मी पायरीवरच्या बर्फावरून घसरले. तेव्हापासून रॉइसचा एकच धोशा. लेक चांगला आहे, पण धोशा लावला की बापावर जातो. "आई, घर विक, टल्साला आमच्याकडे चल. तुझे हात थरथरतात." मी म्हटलं, थरथरतात? ईस्टरच्या हॅमला ये बघायला! अग्निशमन दलाच्या पटांगणात ईस्टरच्या आठवडाभर आधी बायकांची नेमबाजी असते. बावीसची बारीक गोळी, पिस्तूल आपापलं, प्रत्येकीला दहा गोळ्या आणि एक कागद. नेम सगळ्यांत चांगला तिला आख्खी हॅम, डुकराची खारवलेली मांडी. मी त्याला म्हटलं, दहाच्या दहा काळ्या गोलात बसल्या तर मी इथेच राहणार, आणि हा विषय परत काढायचा नाही. एक जरी बाहेर गेली तर सामान बांधते.

"शब्द?"

"शब्द."

बोलून बसले खरी. आमच्या घरात नेमबाज एकच, माझा नवरा व्हर्जिल! त्याला जाऊन तीन वर्षं झाली. त्याचं पिस्तूल रॉइसकडे आहे, आणि ते तसंही तोफच होतं, मनगट मोडायचं. हा डोंगर सोडून टल्सासारख्या शहरात जायचं? तिथे खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते.

तर मागच्या कुरणात, मातीच्या बांधाला कागद लावून बसलो. विल्माडीनचं पिस्तूल नवंकोरं, खेळण्याइतकं हलकं, वर काचेचा तुकडा आणि त्यात लाल ठिपका. "ठिपका कागदावर ठेव आणि चाप ओढ. आंधळीसुद्धा मारेल." मी उचललं तर ठिपका गुळावरच्या माशीसारखा नाचायला लागला! माझा हात किती हलतो ते मला इतकं नीट कधी दिसलंच नव्हतं. ऑटीचं जड, लांब नळीचं. हलत नाही, पण पाच गोळ्यांत खांदा भरून आला. आणि दोन्हींचा वरचा सरकता भाग मला मागे ओढताच येईना. बोटांच्या गाठी! ऑटीनं ओढून दिला. हॅमच्या दिवशी कोण ओढून देणार? तिथे दुसऱ्याच्या पिस्तुलाला हात लावायची बंदी.

शिवाय दोन्ही उजव्या हाताची. मी डावखुरी. रिकामी पुंगळी उडाली ती माझ्या तोंडावरून, आणि थेट गळ्यातून आत! तापलेली! मी नाचले. विल्माडीन ओरडते, "आधी पिस्तूल खाली ठेव, मग नाच!" ऑटी हसून हसून गवतातच बसली.

डाव्या हातापायी शाळा सुटली माझी. मास्तरीण हात पाठीमागे बांधायची. चौथीत मी ठरवलं, हात ठेवायचा, शाळा सोडायची. व्हर्जिल म्हणायचा, माझ्या नशिबी दोन्ही डावखुऱ्याच. त्याची पहिली बायको, नेटी, तीही तशीच होती. लग्नानंतर दोन वर्षांत तापानं गेली बिचारी. माझ्या आधीची गोष्ट. मी तिचा साधा फोटोही पाहिलेला नाही, तिची आई सगळे घेऊन गेली.

कोटवाली बाजूला बसून केक खात होती, तीही डाव्या हातानं, मला बरं वाटलं. मग एकदम म्हणाली, "हार्लनच्या दुकानात खालच्या फळीवर लाकडी मुठीचं जुनं एक आहे. ते घे. हाताला बसेल."

नाव विचारणार होते. पण तिनं शेवटचा घास बशीतच ठेवलेला. पाहुण्याची बशी रिकामी होईपर्यंत नाव-गाव विचारायचं नाही, आमच्या डोंगरात शेंबडं पोरही एवढं जाणतं. विचारलं तर खाल्लेलं मोजल्यासारखं होतं. आईनं झाडूचा दांडा दाखवून शिकवलंय. ऑटीची कुणी असेल.

रविवार, ९ मार्च

चर्चनंतर ऑटीला म्हटलं, तुझी पाहुणी कुठेय? "माझी? मला वाटलं विल्माडीननं आणली." विल्माडीन म्हणाली, "मी? ती मागच्या दारानं आली घरच्यासारखी. मला वाटलं तुझीच कुणी!" तिघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग इतक्या हसलो की पाद्रीबाबा बाहेर येऊन बघून गेले. एक आख्खी बाई जेवूखाऊ घातली आणि कुणाची ते माहीत नाही!

चर्चमागच्या कबरस्तानात जाऊन व्हर्जिलला सांगून आले. त्याच्या डाव्या अंगाला नेटी, उजवीकडे माझी जागा. माझ्या दगडावर नाव कोरून तयार आहे, एकच तारीख भरायची राहिली. नेटीच्या दगडावर शेवाळ धरतं. मे महिन्यात सगळं गाव कबरी धुतं तेव्हा तिचाही मीच घासते. तिचं दुसरं कोण आहे?

मंगळवार, ११ मार्च

ऑटीच्या गाडीतून हार्लनकडे. व्हर्जिलची हिरवी गाडी भंगारात दिल्यापासून मी ऑटीच्या दयेवर. हार्लनचं दुकान म्हणजे पुढे गळ, जाळी, गुरांना चाटायच्या मिठाच्या विटा, आणि मागे काचेच्या कपाटात पिस्तुलं. "ऑर्फामावशी, तुम्हाला हे दाखवतो, हलकं आहे. हे बघा, याची स्प्रिंग मऊ आहे. बायकांना आवडतं." मी म्हटलं, खालच्या फळीवर लाकडी मुठीचं जुनं आहे ते काढ.

"खाली? खाली काही नाही, मावशी. चाकू आहेत."

"वाकून बघ की जरा. कंबर माझी गेलीय, तुझी नाही."

वाकला. चाकूंच्या मागे फडक्यात गुंडाळलेलं. फडकं सोडून उलटंसुलटं करून बघितलं. "हे कधी घेतलं मी?" वही चाळली तर नोंद होती, कुणाच्या तरी घरसामानाच्या खोक्यातून आलेलं, त्याच्याच अक्षरात. आठवत मात्र नाही म्हणे.

उघडून, आत गोळी नाही हे बघून, उघडंच माझ्या हातात दिलं. मीही आत बघितलं. त्यानं बघितलं तरी आपण बघायचंच. आणि मूठ धरली... अगं बाई! लाकूड उजव्या बाजूला झिजलेलं, अंगठ्याएवढं खोलगट. डाव्या हाताच्या अंगठ्यानंच तिथे झिजतं! माझा अंगठा त्यात जाऊन बसला, जुन्या चपलेत पाय बसतो तसा.

ऑटी म्हणाली, "ते थंड कसं गं इतकं?" मला तर कोमट लागलं.

फॉर्म भरायला अर्धा तास लागला. स्पेलिंगं ऑटीनं सांगितली, त्यातली निम्मी चूक.

बुधवार, १९ मार्च

आठ दिवस झाले, वरचा भाग काही ओढता येईना. रडकुंडीला आले. रॉइसचा फोन. "कसं चाललंय, आई?" "झकास!" म्हटलं आणि ठेवला.

दुपारी भांडी घासत होते, तर ती मागच्या पायरीवर. तोच कोट. बस्टर भुंकला नाही. हे कुत्रं टपालवाल्यावर अकरा वर्षं भुंकतंय! उलट तिच्या पावलांवर हनुवटी ठेवून झोपला. असं तो एका व्हर्जिलशीच करायचा.

ती म्हणाली, "ओढतेस कशाला? वरचा भाग उजव्या मुठीत नुसता धरून ठेव. आणि खालचं पिस्तूल डाव्या हातानं पुढे ढकल. पीठ ढकलतात तसं."

ढकललं. खाट्! उघडलं! मी तिच्या गळ्यातच पडणार होते, पण ती जरा मागे सरली.

केक दिला. परत शेवटचा घास ठेवला! हट्टी आहे. मी आत कॉफी आणायला गेले तोवर गेली. सकाळच्या पावसानं अंगण चिखल झालेलं. माझ्या पावलांचे ठसे होते, बस्टरचे होते.

शुक्रवार, २१ मार्च

दहा गोळ्या मारल्या. कागदावर अकरा भोकं. मोजता येतं मला, चौथीपर्यंत तरी शिकलेय!

सोमवार, २४ मार्च

परत अकरा. नवा कागद, दहा गोळ्या मोजून भरल्या, विल्माडीनला साक्षीला बसवलं. माझ्या दहा इकडेतिकडे, दोन तर काळ्याच्या बाहेर. आणि एक मधोमध, सुईनं पाडल्यासारखं.

विल्माडीन म्हणाली, "तू कागद जुना लावलास."

"तूच लावलास, बये."

गप्प झाली. विल्माडीन गप्प! हे तारखेसकट लिहून ठेवते. लोणच्याची बरणी परत न घेताच गेली.

गुरुवार, ३ एप्रिल

वापरून झालं की पिस्तूल मी उघडं ठेवते, टेबलावर, सगळ्यांना दिसावं रिकामं आहे म्हणून. व्हर्जिलची शिस्त. आज कपडे वाळत घालून आत आले तर मिटलेलं. पुसलेलं. आणि तेलाचा वास, पुदिन्याचा थेंब टाकलेल्या तेलाचा. तसा थेंब एकच माणूस टाकायचा. त्याची बाटली मी केव्हाच फेकलीय.

मला रडू नाही आलं. मी दोन कप कॉफी केली आणि दोन्ही प्यायले.

रविवार, ६ एप्रिल

सलग तीन कागद दहाच्या दहा काळ्यात! (आणि अकरावं आहेच.)

शनिवार, १२ एप्रिल

हात दुखतोय पण लिहिणारच.

रॉइस सकाळीच टल्साहून आला. गाडीत रिकामी खोकी घेऊन! मला दिसू नयेत म्हणून वर घोंगडी टाकलेली. कोपरे दिसतातच की.

पटांगणात एकोणीस बायका. मला शेवटची जागा, शेजारची रिकामी. हार्लन पंच. "सगळ्यांची पिस्तुलं खाली! कुणी हात लावायचा नाही!" मग कागद टांगायला माणसं पुढे गेली, परत आली, आणि शिट्टी. मी ढकललं. खाट्! विल्माडीन माझ्याकडे बघतच राहिली.

दहा मारल्या. शेवटची मारताना व्हर्जिलची आठवण झाली आणि हात हलला. मला कळलं तेव्हाच.

हार्लननं कागद काढला. एकेका भोकात काडी घालत मोजलं. परत मोजलं. "मावशी, यात दहाच मावतात ना?"

"दहाच."

"अकरा भोकं आहेत."

रॉइस पुढे आला. सगळ्या जमल्या. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, आणि तिच्या पलीकडच्या बाईच्या कागदावर तिची दहा पुरी. हार्लननं टोपी काढून डोकं खाजवलं. "नियम असा आहे की जास्तीचं भोक असलं तर सगळ्यांत चांगलं सोडून द्यायचं." आणि अगदी मधोमधच्या भोकावर पेन्सिलीनं फुली मारली. उरली दहा. ती माझीच! नऊ नीट काळ्यात. दहावं कडेवर. हार्लननं भिंग लावलं. पलीकडे एक पोर रडत होतं तेही थांबलं.

"रेघेला लागलंय. रेघेला लागलं म्हणजे आत."

ऑटीनं किंकाळी फोडली! हॅम विल्माडीनलाच मिळाली. आता वर्षभर ऐकायचं! मिळू दे.

रॉइसनं मला घरी सोडलं. "शब्द म्हणजे शब्द, आई. परत नाही म्हणणार." खोकी तशीच परत नेली. जाताना माझा हात हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. "हलत होता गं. मी बघत होतो. फक्त चाप ओढताना थांबायचा. कुणीतरी मनगट धरल्यासारखा."

"सवय झालीय," मी म्हटलं.

माझं घर! माझ्या खिडकीतून डोंगर दिसतो. उद्या केक करते, मोठा.

मंगळवार, १५ एप्रिल

सकाळी आली, मागच्या दारानं. आणि आज बशी पुसून खाल्ली! म्हणून विचारलं, बाई, नाव काय तुझं?

"नेटी. दर मे महिन्यात माझा दगड घासतेस की."

व्हर्जिल फाटकाशी हिरव्या गाडीतच बसून होता. चिखलाचे बूट घेऊन तो कधी आत यायचाच नाही. मला हात केला. मीही केला.

नेटी म्हणाली, "बरं झालं राहिलीस. टल्सात कुठे शोधत फिरलो असतो तुला?"

गुरुवारी येतो म्हणालेत.