‘दिघीची शेवटची लाँच’चे हक्क आणि मनुबाईचा धवला

मी, गणराज हिराजी घरत, वय सदुसष्ट, राहणार रेवदंडा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉ. भाविका ठाकूर यांचं मत आहे. घरात याबद्दल दुमत आहे. पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन, म्हणून ही घाई.

१. घर, मागची नारळाची वाडी आणि बँकेतली शिल्लक पत्नी नेत्राला मिळावी.

२. गिटार पुतण्या प्रणयला. त्याने ती भिंतीवर टांगून फोटो काढू नयेत, वाजवावी. शक्य झाल्यास सुरात.

३. माळ्यावरचे ड्रम मूळचे आमच्या बँडमधल्या धनेशचेच, ते त्याने एकदाचे न्यावेत. आमचं प्रत्येक गाणं शेवटाकडे धावत सुटतं ते याच्यामुळे. हल्लीची पोरं त्याला ‘तालाचा प्रयोग’ म्हणतात, तेव्हापासून गडी फुगलाय.

४. आता मुख्य मालमत्ता. ‘दिघीची शेवटची लाँच’ हा अल्बम आम्ही १९८८ साली आगरदांड्याच्या बंद पडलेल्या बर्फ कारखान्यात रेकॉर्ड केला, कारण तिथे आवाज छान घुमायचा. कॅसेट नातेवाइकांनी घेतली आणि पुढे तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. आता मुंबईची एक कंपनी तो तबकडीवर पुन्हा काढतेय. त्याला ‘प्रोग्रेसिव्ह पॉप रॉक’ म्हणतात हे मला त्यांच्याकडून कळलं. आम्ही त्याला ‘गणाची लांबण’ म्हणायचो.

एक गाणं अख्खी बाजू व्यापतं. त्याच्या मध्यावर मनुबाई गाते. मनुबाई म्हणजे आमच्या आगरी लग्नांत धवला गाऊन लग्न लावणारी धवलारीण. माइकसमोर बसली आणि अडून राहिली. “नावाबिगर धवला गायाचा न्हाय. नवरा कोन, नवरी कोन?” उत्तराची वाट न बघता तिने माझं नाव घेतलं आणि कीबोर्ड वाजवायला आलेल्या नेत्राचं. सिनेमाची गाणी भरण्याआधी कॅसेट नातेवाइकांकडे गावोगाव वाजली. नेत्राचे वडील घरी आले, म्हणाले, “धवला झाला. आता जेवन कवा?” जेवण घातलं. वेगळं लग्न लागलंच नाही. ना फोटो, ना दाखला.

नेत्रा आजतागायत म्हणते, “ते लग्न नव्हतं, रेकॉर्डिंग होतं.”

५. <s>कंपनीला गाणं लांब वाटतं, मनुबाईचा भाग कापायचा आहे. अल्बमचे हक्क नेत्राला मिळावेत. मात्र तिने कापायला होकार दिल्यास ते धनेशकडे जावेत.</s>

६. वरचं कलम लिहून होतंय तोच कंपनीच्या मुलाचा फोन आला. मी झोपलोय असं समजून नेत्राने घेतला. मी दाराआडून ऐकलं. “अरे बाळा, ते माझं लग्न आहे. त्याला हात लावायचा नाही. कापायचंच तर ह्यांची गिटार काप, किती ती लांबवलीय!”

मला रडू आलं. इतक्या वर्षांनी मी नवरा झालो.

सबब कलम ५ मी स्वतः खोडलं आहे. अल्बमचे सर्व हक्क विनाअट नेत्राचे. गिटार कापली तरी माझी हरकत नाही.

लिहून ठेवणार : गणराज हिराजी घरत (सही)

वरील खोडाखोड व सही आमच्यासमक्ष :
१. धनेश म्हात्रे (सही)
२. डॉ. भाविका ठाकूर (सही)

मु. रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड
दि. १४ नोव्हेंबर २०२५