तुझ्या तव्यावरचे टाको

आई,

पंचवीस डिसेंबर, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. वर्गात पहिली आले म्हणून दादांनी त्यांचं जुनं घड्याळ मला दिलं होतं, त्यामुळे वेळ पक्की सांगते. मी आठवीत. नांदेडच्या कॉन्व्हेंटमधल्या आमच्या गाण्याच्या टीचरनी नाताळाला घरी जेवायला बोलावलं होतं. परत आल्यावर तू विचारलंस, काय जेवलीस, आणि मी सांगितलं, डुकराचं मटण. शाळेत खरं बोलायला शिकवत. तू मला मागच्या अंगणातच थांबवलंस, डोक्यावरून दोन बादल्या गार पाणी ओतलंस आणि म्हणालीस, "खाल्लंस ते खाल्लंस. आता तुझ्या हातची भाकर ह्या घरात कुनी खानार न्हाई."

"आणि खोटं बोलले असते तर?"

"तर चाललं असतं की!"

महिनाभर मला वेगळं, अ‍ॅल्युमिनियमचं जर्मन ताट. त्याचं मला फारसं काही नाही. पण त्याच थंडीत तू मला भाकरी शिकवत होतीस, ती शिकवणी तिथेच थांबली. पुढे मी लातूरला जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना इंग्रजी शिकवलं, पोळ्या केल्या, केकसुद्धा केले. भाकरी नाही केली. लग्नही नाही केलं, पण ते तुझ्यावर ढकलत नाही.

आज केली. मोबाईलवर मेक्सिकोतली एक बाई दिसली. तव्यावरची मक्याची भाकरी उघड्या बोटांनी उलटत होती, अगदी तुझ्यासारखी, कपाळावर आठीसुद्धा तीच. तिच्या भाकरीत निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मटण आणि अननस. त्याला टाको म्हणतात. मी सकाळीच रेल्वेलाइनपलीकडे जाऊन मटण आणलं.

"मॅडम, कुनासाठी नेऊन राहिलात?" दुकानदाराने दोनदा विचारलं.

"माझ्यासाठी. मला तोंड नाही का?"

भिजवलेल्या लाल मिरच्या, लसूण, जिरं, व्हिनेगर वाटून मटणाला चोळलं, गच्चीवर शेगडी पेटवली. मटण झकास भाजलं. भाकरी मात्र दुमडली की तुटायची. तीन तुटल्या, चौथी मी रागाने कुंडीत फेकली. आणि मग तू परातीमागून बोलतेस, "आधणाला उकळी फुटल्याबिगर पिठाला हात लावायचा न्हाई." उकळतं पाणी पिठात ओतलं, बोटं भाजेपर्यंत मळलं. तुझाच तवा. भाकरी फुगली, दुमडली, तुटली नाही.

खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यातून ओरडली, "मॅडम, काय भाजून राहिलात? वास लई भारी हाय!"

"अननस," मी म्हणाले.

"मग येऊ का चाखायला?"

"संपलं."

बघ, खोटं बोलले आणि चाललं. फक्त मग तिला वर बोलावता येईना. सहा टाको होते. चार मी उभ्यानेच खाल्ले, कठड्याला टेकून. गाण्याच्या टीचरच्या घरी एका टेबलाभोवती अकराजण होतो, ते आठवलं. चव उत्तम होती, पण सांगायचं कुणाला?

उरलेल्या दोन भाकऱ्यांत मटण घातलेलं नाही. नुसता अननस, कांदा, कोथिंबीर, लिंबू. स्टीलच्या ताटात झाकून ठेवल्यात. कुणासाठी ते विचारू नकोस.

तुझं शेवटचं वर्ष तू माझ्याकडे काढलंस. तू यायच्या आधीच मी स्वयंपाकाला बाई लावली होती. तिच्या हातचं तू मुकाट्याने खाल्लंस, आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले की आईने मरेपर्यंत माझ्या हातचं खाल्लं नाही. खरं असं आहे की मी कधी काही तुझ्यापुढे ठेवलंच नाही. एकदा, बाई आली नव्हती तेव्हा, तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "तू काय करून राहिलीस?" मी पेपर तपासत होते. बाहेरून डबा मागवला.

तर प्रश्न एवढाच. तेव्हा वाढलं असतं, तर खाल्लं असतंस का? गुळमुळीत उत्तर चालणार नाही. लेखी हवं. तुला लिहिता येत नव्हतं, मीही कधी शिकवलं नाही, अंगठा चालेल. उद्या दुपारी बाराच्या आत. त्यानंतर भाकरी कडक होईल.